‘तुला पाणी हवंय का?’ असं तोच विचारतो तेव्हा

प्रश्न: नमस्कार मॅडम. माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. तीन वर्षांचा असताना त्याला ऑटिझम असल्याचं निदान झालं. त्याच्याकडे शब्द भरपूर आहेत. गाणी, जाहिराती, लिफ्टमधली सूचना, सगळं सुरासकट पाठ. पण संवाद होत नाही. ‘जेवलास का?’ विचारलं की तोही ‘जेवलास का?’ म्हणतो. तहान लागली की माझ्याजवळ येऊन ‘तुला पाणी हवंय का?’ असं मलाच विचारतो. गेले काही दिवस मध्येच केव्हाही ‘अरे अरे, पडला बिचारा!’ म्हणत राहतो. आजूबाजूला कोणीही पडलेलं नसतं. सासूबाई म्हणतात, ही नुसती पोपटपंची आहे, आत्ताच मोडा, नाहीतर सवय लागेल. पहिल्या स्पीच थेरपिस्टनी सांगितलं होतं की तो असं बोलला की लक्ष देऊ नका, नीट मागितल्याशिवाय वस्तू देऊ नका. त्यानं तो फार रडायचा, म्हणून आम्ही थेरपिस्ट बदलल्या. आता दुसऱ्या म्हणतात, तो ‘गेस्टाल्ट’ पद्धतीनं, म्हणजे आधी अखंड वाक्यं उचलून, भाषा शिकतोय, त्याला प्रश्न विचारायचे नाहीत आणि सुटे शब्दही शिकवायचे नाहीत. नवरा म्हणतो, एक काय ते ठरव. हे बोलणं बंद करायचं की चालू द्यायचं? आणि तो स्वतःचं असं कधी बोलेल?

उत्तर: ताई, बंद करू नका. तुमच्या मुलाकडे सध्या बोलण्याचं जे साधन आहे ते हेच आहे. ते काढून घेतलं तर त्या जागी आपोआप दुसरं काही उगवत नाही. उगवतं ते रडणं, आणि ते तुम्ही पाहिलेलंच आहे.

आधी पाण्याचं बघू. तहान लागल्यावर तो तुमच्याकडे येतो. पाणी कोणाकडे मागायचं हे त्याला कळतं, आणि कोणतं वाक्य कानावर पडल्यानंतर पेला हातात येतो हेही. ते वाक्य त्यानं तुमच्या तोंडून जसंच्या तसं उचललं, म्हणून त्यात ‘तुला’ आहे. ‘तू’ आणि ‘मी’ बोलणाऱ्यागणिक जागा बदलतात, ही भानगड सगळ्याच लहान मुलांना काही काळ छळते. वाक्यं अखंड उचलणाऱ्या मुलाला जरा जास्तच. तेव्हा ही चक्क मागणी आहे. फक्त ती तुमच्या शब्दांत केलेली आहे.

ऐकलेलं परत म्हणणं सगळीच मुलं करतात, साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत, आणि स्वतःची वाक्यं जुळू लागली की ते मागे पडतं. ऑटिझम असलेल्या मुलांमध्ये ते जास्त ठळक असतं आणि जास्त काळ टिकतं. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांचं वर्णन करून ऑटिझम वैद्यकाच्या नकाशावर आणला, त्यांतली 8 मुलं बोलत होती, आणि त्यांच्या बोलण्यात कॅनरना हेच दिसलं होतं: ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी, सर्वनामं उलटी, आणि ‘हो’ म्हणायच्या जागी विचारलेला प्रश्नच परत. म्हणजे ‘जेवलास का?’वर आलेलं ‘जेवलास का?’ हे एखाद्या वेळी ‘हो’सुद्धा असू शकतं.

एखाद्या वेळी, असं मुद्दाम म्हणते. कारण तेच उत्तर दुसऱ्या वेळी ‘तू काय म्हणालीस ते मला कळलं नाही, पण माझी बोलायची पाळी आहे एवढं कळलंय’ असंही असतं. कधी तो ऐकलेलं स्वतःशी घोळवून त्याचा अर्थ लावत असतो. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ डुकन या अभ्यासकांनी 1981 मध्ये मुलांच्या लगेच परत म्हणण्याचे सात वेगवेगळे उपयोग नोंदवले. उशिरा, म्हणजे तासांनी किंवा महिन्यांनी आठवून म्हटलेल्या वाक्यांचे प्रिझंट आणि पॅट्रिक रायडेल यांना 1984 मध्ये चौदा सापडले. मुलं दोन्ही अभ्यासांत मोजकीच होती, तेव्हा या आकड्यांना फार चिकटायचं कारण नाही. पण ‘पोपटपंची’ या एका शब्दात हे सगळं कोंबता येत नाही, एवढं त्यातून नक्की झालं.

आता कुठला अर्थ आहे हे ओळखायचं कसं? शब्द तेच असतात, म्हणून शब्द सोडून बाकी सगळ्याकडे बघायचं. डोळे कुठे आहेत, हात कशाकडे गेला, म्हटल्यावर तो तुमची वाट बघतोय की आपल्या खेळात परत गेलाय. दोन प्रश्न विचारून बघा, एक सोपा आणि ओळखीचा, दुसरा अवघड. अवघड प्रश्नावर परत म्हणणं वाढत असेल, तर ते न कळल्याचं लक्षण समजा. आपण अशा वेळी तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारतो, ही आपल्या सगळ्यांचीच खोड. करायचं उलट: वाक्य लहान करायचं, वस्तू दाखवायची, आणि मग गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं, हे मला सेशनमध्ये रोज दिसतं. मनातल्या मनात सावकाश दहापर्यंत मोजा. पाचव्या आकड्याला तोंड उघडायला लागलात, तर ओठ दाबून धरा.

‘अरे अरे, पडला बिचारा!’कडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त आवडलेलं वाक्य हे. कॅनर यांच्या एका छोट्या रुग्णाची गोष्ट आहे. हातातलं काही फेकावंसं वाटलं की तो म्हणायचा, ‘कुत्र्याला बाल्कनीतून फेकू नकोस.’ आसपास ना कुत्रा, ना बाल्कनी. उलगडा आईकडून झाला. पूर्वी ते एका हॉटेलात उतरले असताना तो खेळण्यातला कुत्रा सारखा बाल्कनीतून खाली टाकायचा आणि ती आणून आणून कंटाळली होती, तेव्हा वैतागून ती हे बोलली होती. मुलानं ते वाक्य जपून ठेवलं आणि स्वतःला आवरायला वापरलं. बाहेरच्याला असंबद्ध वाटणारं ते बोलणं खरं तर चांगलं दोन पायांवर उभं होतं.

तुमच्या घरातलं हे वाक्यही कुठून तरी आलेलं आहे. पत्र वाचताना मला उगाच शंका आली की ते सासूबाईंचं असावं. ‘बिचारा’ हल्लीचे तरुण आईबाप कितीसं म्हणतात! त्यांनाच विचारा. तो कधी पडला होता? की ठोकळ्यांचा मनोरा पडला होता, की कार्टूनमधलं कोणी पडलं होतं? आणि आता ते वाक्य येतं तेव्हा समान धागा कोणता: काहीतरी दुखतंय, घाबरलाय, खेळ मोडलाय, की उलट मजा वाटतेय, कारण त्या वेळी सगळे हसले होते?

यासाठी एक वही करा. मोबाइलवरची टिपणंही चालतील, पण वही घरातल्या सगळ्यांना दिसते. तो काय म्हणाला, त्याच्या लगेच आधी काय घडलं, म्हणताना तो कुठे बघत होता, आणि नंतर काय केल्यावर शांत झाला. एवढंच. रोज सगळं लिहायचं नाही, तुम्हाला बाकी आयुष्य आहे. जे वाक्य तुम्हाला कोड्यात टाकतं तेवढंच लिहा. सासूबाईंना या कामाला जोडून घ्या. ‘मोडा’ म्हणणाऱ्या माणसाला ‘हे वाक्य कुठून आलं ते तुम्हीच शोधा’ असं सांगितलं की घरातला सूर बराच बदलतो. वाद घालून तो बदलल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. एक मात्र सांभाळा. एखादं वाक्य अचानक फार वाढलं आणि सोबत झोप बिघडली, कानाला किंवा गालाला हात जाऊ लागला, तर आधी कान आणि दात दाखवून या. दुखणं सांगायला त्याच्याकडे वेगळे शब्द नसतील. आणि येत असलेलं बोलणंच गळू लागलं, तर पुढच्या सेशनची वाट न बघता बालरोगतज्ज्ञांकडे जायचं.

अर्थ सापडेपर्यंत काय करायचं? त्याच्याकडे बघून मान हलवा, ‘हं, पडला’ म्हणा. त्याचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचलं, इतकं त्याला कळू द्या. अर्थ सापडला की त्याला त्या प्रसंगाचं नवं वाक्य ऐकवा, त्याच्या तोंडी शोभेल असं. दुखतंय असं वाटलं तर ‘लागलं मला’. मनोरा कोसळला असेल तर ‘पडलं सगळं!’

‘त्याच्या तोंडी शोभेल असं’ हा सगळ्या उपचाराचा गाभा आहे, म्हणून इथे थोडी थांबते. जो मुलगा वाक्यं अखंड उचलतो, त्याला आपण दिवसभर काय उचलायला देतो? ‘हे काय आहे?’ ‘याचा रंग कोणता?’ ‘बोल ना, काय हवंय?’ मग तो प्रश्न उचलतो, दुसरं काय उचलणार! ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणत तो आला की ‘हो, तुला पाणी हवंय’ असं म्हणू नका, नाहीतर उद्या तेच ऐकाल. पेला पुढे करत, त्याच्याच वतीनं म्हणा: ‘मला पाणी हवंय.’ आणि पाणी देऊन टाका. म्हणून घ्यायचं नाही, अडवायचं नाही. आज तो ते म्हणणार नाही, कदाचित पुष्कळ दिवस म्हणणार नाही.

मराठीत इथे एक गंमत आहे, आणि ती परभाषेतल्या थेरपीच्या पुस्तकांत तुम्हाला मिळणार नाही. तुम्ही दिवसभर ‘मी दमले’, ‘मी आले’, ‘मी विसरले’ म्हणता. तो तेच उचलतो आणि मग मुलगा ‘मी दमले’ म्हणतो म्हणून घरात हसू होतं किंवा दटावणी होते. दोन्ही नको. त्याच्या वतीनं बोलताना त्याचं रूप वापरा: ‘मी दमलो’, ‘मी पडलो’. बाबांनी घरात जरा जास्त बोललं तर तेही उपयोगी पडेल. आणि ‘जाऊ या’, ‘बघू या’, ‘आता पुरे’, ‘नको’ ही वाक्यं भरपूर पेरा. ती तुमच्या तोंडून जशी बरोबर तशीच त्याच्या तोंडूनही बरोबर, काही फिरवावं लागत नाही. ‘नको’ तर आधी. नकार देता येत नाही म्हणून हात उगारणारी, चावणारी मुलं मी पुष्कळ पाहते.

प्रश्न अजिबात विचारायचे नाहीत, असं मी म्हणणार नाही. परीक्षा घेणारे प्रश्न कमी करा, खरे प्रश्न राहू द्या. निवड द्यायची असेल तर दोन्ही वस्तू हातात धरून दाखवा. नुसतं ‘बॉल की गाडी?’ विचारलं तर अशी मुलं बरेचदा शेवटचा शब्द परत म्हणतात, आणि आपल्याला वाटतं त्यानं गाडी मागितली. नको असलेली वस्तू शेवटी ठेवून बघा, लगेच कळेल.

तो स्वतःचं कधी बोलेल, याला मी तारीख देऊ शकत नाही, आणि जो देईल त्याच्यापासून चार हात लांब राहा. पण कशाकडे बघायचं ते सांगते. त्याच्या वाक्यांत चुका व्हायला लागल्या का, ते बघा. सध्या तो ‘तुला पाणी हवंय का?’ हे तंतोतंत म्हणतो. एके दिवशी तो ‘तुला गाडी हवंय का?’ म्हणेल. घरात असं कोणी बोलत नाही. गाडी ‘हवीय’ असते, बॉल ‘हवाय’ असतो. म्हणजे हे वाक्य त्यानं ऐकलेलं नाही. त्यानं पाण्याचं वाक्य मधून उघडलं आणि ‘पाणी’च्या जागी ‘गाडी’ बसवली. त्या दिवशी व्याकरण सुधारायला जाऊ नका. वहीत तारीख घाला आणि गाडी द्या. तसंच, शेवटचा ‘का’ गळणं, दोन वेगळ्या वाक्यांचे तुकडे एकत्र येणं, सूर बदलणं, या सगळ्या पुढच्या पायऱ्या आहेत. सोबत समज वाढतेय का, तुम्हाला काही दाखवायला तो आणतो का, याकडेही लक्ष असू द्या. पुढे मोठेपणीही काही जण जवळची वाक्यं बाळगतात, ताण आला की म्हणतात. त्यात काही बिघडत नाही.

राहिला तुमच्या दोन थेरपिस्टचा तिढा. पहिल्या बाईंचा सल्ला जुन्या वळणाचा आहे. एके काळी हे बोलणं निरर्थक समजून मोडून काढण्यावर बराच भर होता. त्याचा तोटा तुम्हाला घरीच दिसला. दुसऱ्या बाई म्हणतात त्या विचाराचं मूळ चांगलं आहे. काही मुलं शब्दांपासून वाक्यांकडे जातात आणि काही आधी अखंड वाक्यं घेऊन मग ती फोडतात, हे भाषाशास्त्रज्ञ अ‍ॅन पीटर्स यांनी 1977 मध्येच मांडलं होतं, आणि तेही ऑटिझम नसलेल्या मुलाच्या अभ्यासावरून. पुढे मार्ज ब्लँक यांनी 2012 मध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठी त्यावरून पायऱ्यापायऱ्यांची एक पद्धत बांधली, आणि समाज माध्यमांवर ती वणव्यासारखी पसरली. अडचण अशी की या पद्धतीवरच्या संशोधनाचा 2024 मध्ये काटेकोर आढावा घेतला गेला, तेव्हा ती परिणामकारक आहे असं दाखवणारा निकषांत बसणारा एकही अभ्यास हाती लागला नाही. पुरावा नसणं म्हणजे पद्धत खोटी, असं नाही. पण ‘सुटे शब्द शिकवले तर नुकसान होईल’ असं छातीठोकपणे सांगायला आधार नाही. गाडी दिसल्यावर ‘गाडी!’ म्हणा, बिनधास्त. परत म्हणणारं प्रत्येक मूल एकाच जातकुळीचं असतं, हेही मी मानत नाही.

तेव्हा ‘एक काय ते ठरव’ याला माझं उत्तर असं की नावावरून ठरवू नका. आताच्या बाईंकडे राहायला हरकत नाही, त्या निदान मुलाचं ऐकताहेत. पण विचारा: त्यांनी समज तपासली का? ऐकण्याची तपासणी झाली आहे का? मूल परत म्हणतं म्हणजे त्याला ऐकू येतंच, असं धरून ही तपासणी अनेकदा राहून जाते, आणि कानात पाणी साठून आलेला सौम्य दोष निसटतो. येत्या तीन महिन्यांचं ध्येय काय, हे त्या साध्या शब्दांत सांगू शकतात का? ‘परत म्हणणं निम्म्यावर आणू’ हे ध्येय नव्हे. ‘स्वतःहून मागेल, नाकारेल, मदतीला बोलावेल’ हे ध्येय. सेशनमध्ये तुम्हाला बसू देतात का? दार बंद करून होणाऱ्या थेरपीबद्दल मी जरा हट्टीच आहे. ब्रिटनमध्ये 152 लहान मुलांवर एक मोठी चाचणी झाली होती. त्यात थेरपिस्टचं बरंचसं काम आईबाबांबरोबर होतं: मुलाशी खेळतानाचं चित्रण एकत्र बसून बघायचं, त्यानं केलेला इशारा कुठे निसटला ते शोधायचं. तिचे पहिले निष्कर्ष 2010 मध्ये आले, आणि त्यांतल्या बहुतेक मुलांना काही वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा 2016 मध्ये आलेल्या निष्कर्षांत फायदा टिकलेला दिसला. तुम्हीही मोबाइलवर पाच मिनिटांचं खेळणं चित्रित करून घेऊन जा. चांगली थेरपिस्ट ते बघायला स्वतःहून मागते.

कोणी चित्रांचा तक्ता किंवा टॅबलेटवरचं बोलणारं अ‍ॅप सुचवलं, तर ‘मग तो बोलायचा थांबेल’ या भीतीनं नाही म्हणू नका. अशा साधनांनी मुलांचं बोलणं मागे गेल्याचं संशोधनात आढळलेलं नाही. उलट बऱ्याच मुलांचं थोडं वाढलेलं दिसतं. ज्याला वाक्यं येतात पण हवं तेव्हा हवं ते सापडत नाही, त्याला डोळ्यांसमोरचं चित्र आधार देतं.

शेवटचं काम बालवाडीचं. तिथे ‘पडला बिचारा’ ऐकून मुलं हसत असतील आणि बाई गप्प बसवत असतील. वहीतून एक पान तयार करा: डावीकडे त्याचं वाक्य, उजवीकडे त्याचा अर्थ आणि आपण काय करायचं. ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणजे तहान लागली आहे, पाणी द्या आणि ‘मला पाणी हवंय’ असं त्याच्या वतीनं म्हणा. पाच-सहा वाक्यं पुरेत. ते पान त्याच्या बाईंना, सांभाळणाऱ्या ताईंना आणि थेरपिस्टना द्या, आणि एखादा अर्थ चुकीचा निघाला तर खोडून नवा लिहा. ‘पडला’चा उलगडा झाला की मलाही कळवा. सासूबाईंच्या बाजूनं मी पैज लावलेली आहे.